अहर्गणापासून लॉगपर्यंत : दोन वेळांच्या वजाबाकीची गोष्ट

बल्लारपूरहून निघालेला रस्ता कोठारी, गोंडपिपरी, आष्टी अशी गावे मागे टाकीत आलापल्लीकडे जातो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलमुलखात सागवानाचे ओंडके लादलेले ट्रक बल्लारपूरच्या डेपोकडे जाताना दिसतात. अशा ओंडक्याला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. आता रस्ता सोडून गोंडपिपरीतल्याच एखाद्या कार्यालयात, संगणकापाशी येऊ. हा संगणक दिवसभरात जे जे काम करतो, त्याची एकेक ओळ वेळेसह लिहून ठेवत असतो. त्या नोंदवहीलाही ‘लॉग’च म्हणतात. झाडाचा ओंडका आणि संगणकाची वही, दोघांना एकच नाव कसे पडले?

त्याचे उत्तर समुद्रावर सापडते. सोळाव्या शतकात युरोपातील खलाशी जहाजाचा वेग मोजण्यासाठी लाकडाचा एक तुकडा दोरीला बांधून पाण्यात टाकीत. लाकूड जवळजवळ जागच्या जागी तरंगत राही, जहाज पुढे जाई आणि दोरी सुटत जाई. दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या, तो जहाजाचा वेग. पुढे हे घड्याळ २८ सेकंदांचे वापरू लागले. ताशी एक सागरी मैल, म्हणजे सुमारे ६,०८० फूट, या वेगाने जहाज २८ सेकंदांत किती जाईल? ६,०८० × २८ ÷ ३,६०० = सुमारे ४७ फूट. म्हणून गाठी सुमारे ४७ फुटांवर. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’ म्हणजे गाठींतच सांगतात तो यामुळे. लाकडाच्या साहाय्याने मोजलेला वेग वेळेसह ज्या वहीत उतरवीत, ती लॉगबुक. पुढे वीजकेंद्रे, विमाने, कारखाने यांनी ही वही उचलली आणि शेवटी ती संगणकाकडे आली.

संगणकाच्या या वहीत रोज हजारो, कधी लाखो ओळी पडतात. त्यांतून हव्या त्या ओळी शोधून काढण्यासाठी शोधसूत्रे लिहावी लागतात. त्यांना ‘क्वेरी’ म्हणतात. आणि या शोधात वारंवार विचारला जाणारा प्रश्न अगदी साधा असतो : अमुक काम सुरू झाल्याची नोंद या वेळेची, संपल्याची नोंद त्या वेळेची, तर मधे काळ किती गेला?

दिसायला हे चौथीतल्या वजाबाकीचे उदाहरण आहे. मग जगभरचे संगणकतज्ज्ञ त्यात पुन्हा पुन्हा का चुकतात? आणि हाच प्रश्न आपल्याकडच्या ज्योतिर्विदांनी शतकानुशतके आधी कसा सोडवला होता? ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे.

वजाबाकी अडते कुठे?

मुलांना फळ्यावर दोन नोंदी लिहून द्या.

पहिली नोंद : २८ फेब्रुवारी, २३:५८:४०
दुसरी नोंद : १ मार्च, ००:०३:१५

मधे किती वेळ गेला? बहुतेक मुले ‘४ मिनिटे ३५ सेकंद’ असे उत्तर देतील. एखादी चौकस मुलगी विचारील, “वर्ष कोणतं, सर?” तिचेच बरोबर. २०२३ साल असेल तर उत्तर ४ मिनिटे ३५ सेकंद. २०२४ साल असेल तर मधे २९ फेब्रुवारीचा अख्खा दिवस आहे, म्हणून उत्तर १ दिवस ४ मिनिटे ३५ सेकंद. अनेक जुन्या संगणकांच्या लॉगमध्ये वर्ष लिहिण्याची पद्धतच नव्हती. महिना, तारीख आणि वेळ एवढेच लिहीत.

अडचण अशी, की वेळेची नोंद ही दिसते एक संख्या, पण असते वेगवेगळ्या मापांची मोळी. सेकंद ६० ला वळतात, मिनिटे ६० ला, तास २४ ला, महिने कधी २८ ला, कधी ३० ला, कधी ३१ ला. अशा संख्यांमधून ‘हातचा’ घेताना तो कितीचा घ्यायचा हे दर वेळी तपासावे लागते. संगणकाला तर ती नोंद संख्या म्हणूनही दिसत नाही. ती अक्षरांची ओळ असते. अक्षरांच्या क्रमाने लावले तर ‘१०:१५’ ही वेळ ‘९:०५’ च्या आधी येते, कारण १ हा ९ च्या आधी आहे. ‘०३/०४’ म्हणजे भारतात ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. या घोटाळ्यामुळेच १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने वर्ष-महिना-दिवस असा, मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम ठरवून दिला. त्याचा क्रमांक ८६०१.

पंचांगातली वजाबाकी

आपल्या पंचांगात तर ही अडचण कितीतरी अधिक बिकट आहे. वद्य चतुर्दशीपासून शुद्ध तृतीयेपर्यंत किती दिवस? तिथी मोजल्या तर चार. पण मधे एखाद्या तिथीचा क्षय झाला असेल तर दिवस तीनच भरतील, वृद्धी झाली असेल तर पाच. एका गुढीपाडव्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत कधी ३५४ च्या आसपास दिवस जातात, तर अधिकमास आला की ३८४ च्या आसपास. म्हणजे तिथीतून तिथी वजा करून दिवस मिळत नाहीत.

आणि ज्योतिर्विदाला तर दिवस हवेच असतात. ग्रह आज आकाशात कुठे आहे हे काढायचे, तर तो एका ठराविक दिवशी कुठे होता ते माहीत हवे, त्याची रोजची गती माहीत हवी, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत नेमके किती दिवस गेले ते माहीत हवे. या गेलेल्या दिवसांच्या संख्येला नाव आहे ‘अहर्गण’. अहन् म्हणजे दिवस, गण म्हणजे समूह. युक्ती सोपी आहे : तिथी, मास, वर्ष ही मोळी आधी सोडवायची, तिची एकच सलग संख्या करायची, आणि मग वजाबाकी करायची.

सिद्धान्तग्रंथांत ही मोजणी कल्पारंभापासून करीत, अनेक ग्रंथांत कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ पासून. पण त्यामुळे संख्या फार मोठ्या होत. प्रत्यक्ष गणितासाठी लिहिलेल्या करणग्रंथांत आरंभदिवस जवळचा घेत. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथाचा आरंभ शके ११०५, म्हणजे इसवी सन ११८३ चा आहे.

या बाबतीत सर्वांत चतुर सोय केली ती कोकणातल्या गणेश दैवज्ञाने. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा हा ज्योतिर्विद. त्याच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथाचा आरंभ शके १४४२ च्या चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे १९ मार्च १५२० रोजी, सोमवारी होतो. त्या दिवशी कलियुगापासूनचा अहर्गण सुमारे १६ लाख ८८ हजार झालेला होता. दर वेळी एवढ्या संख्येने गुणाकार-भागाकार कोण करणार? गणेशाने आरंभ तर जवळ आणलाच, शिवाय अकरा-अकरा वर्षांची ‘चक्रे’ पाडली. ११ वर्षांचे महिने १३२, त्यांत सुमारे ४ अधिकमास, मिळून १३६ चांद्रमास. त्यांचे दिवस सुमारे ४,०१६. म्हणून एक चक्र ४,०१६ दिवसांचे धरले. पूर्ण झालेली चक्रे वेगळी लिहायची आणि उरलेल्या दिवसांचाच अहर्गण वापरायचा. तो कधीही चार हजारांच्या फार वर जात नाही.

पुढची गंमत शिक्षकांना विशेष आवडेल. अधिकमास आणि क्षयतिथी अंदाजाने धरल्यामुळे उत्तरात एखाद्या दिवसाची चूक राहू शकते. ती ओळखायची कशी? वारावरून. ४,०१६ ला ७ ने भागले की बाकी ५ उरते. म्हणून चक्रांच्या संख्येला ५ ने गुणायचे, त्यात अहर्गण मिळवायचा आणि ७ ने भागायचे. बाकी शून्य आली तर सोमवार, एक आली तर मंगळवार. हा वार आजच्या वाराशी जुळला तर गणित बरोबर. जुळला नाही तर अहर्गणात एक मिळवायचा किंवा वजा करायचा. उत्तर तपासण्याची सोय गणिताच्या आतच ठेवलेली!

ही तपासणी आपल्या ओळखीच्या दोन तारखांवर करून पाहू. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत किती दिवस? १५ ऑगस्ट १९४९ पर्यंत दोन वर्षे, त्यांत १९४८ हे लीप वर्ष, म्हणून ७३१ दिवस. पुढे ऑगस्टचे १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे २६, मिळून १६४. एकूण ८९५. आता ८९५ ला ७ ने भागा, बाकी ६. स्वातंत्र्याच्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारपासून सहा वार पुढे गेले की गुरुवार. आणि प्रजासत्ताकाचा पहिला दिवस गुरुवारच होता.

याच युक्तीने इतिहासाचीही मोठी सेवा केली. ताम्रपट आणि शिलालेख हेही एका अर्थाने लॉगच आहेत : अमुक शके, अमुक मास, अमुक तिथी, अमुक वार, आणि त्या दिवशी काय घडले ते. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे पेशाने शिक्षक. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिणारे ते हेच. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी १८९६ साली भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखातली तिथी घेऊन तिची इंग्रजी तारीख आणि वार काढण्याची कोष्टके त्यात आहेत. कोरलेला वार आणि गणिताने आलेला वार जुळला, तर तारखेवर विश्वास बसतो. जुळला नाही, तर वाचनात, कोरण्यात किंवा खुद्द लेखातच काही चूक आहे का ते पाहावे लागते.

युरोपातही हाच मार्ग सापडला. जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ साली इसवी सनापूर्वी ४७१३ पासून सुरू होणारा एक मोठा कालखंड सुचवला, आणि एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ त्या आरंभापासून दिवस मोजू लागले. त्या मोजणीला ‘ज्युलियन दिनांक’ म्हणतात. १५ ऑगस्ट १९४७ चा दिनांक २४,३२,४१३ आणि २६ जानेवारी १९५० चा २४,३३,३०८. वजा करून पाहा.

घड्याळ कोणाचे?

दिवसांची अडचण सुटली, पण एकोणिसाव्या शतकात तास-मिनिटांची नवी अडचण उभी राहिली. तोवर प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्यावर चाले. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून पूर्वेकडच्या गावचे घड्याळ पश्चिमेकडच्या गावाच्या पुढे. बैलगाडीच्या प्रवासात याने काही बिघडत नव्हते. पण तारायंत्र आले आणि मौज झाली. कोलकात्याची वेळ मुंबईच्या वेळेहून सुमारे ६२ मिनिटे पुढे होती. समजा, कोलकात्याहून तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी १२ वाजता तार निघाली आणि वीस मिनिटांत मुंबईला पोचली. मुंबईच्या घड्याळात तेव्हा ११ वाजून १८ मिनिटे झालेली असणार. दोन नोंदी समोर ठेवून नुसती वजाबाकी केली, तर तार निघण्यापूर्वी ४२ मिनिटे पोचली!

यातून वाट काढण्यासाठी रेल्वे आणि तारखात्याने मद्रासची वेळ सर्वत्र वापरली. ती ग्रीनिचच्या पुढे सुमारे ५ तास २१ मिनिटे होती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आगगाडी आली ती १८७० च्या दशकात, वरोऱ्याच्या कोळशासाठी. वरोरा सुमारे ७९ रेखांशावर आहे, मद्रास सुमारे ८०.२५ वर. म्हणजे वरोऱ्याच्या सूर्याची वेळ मद्रासच्या वेळेपेक्षा सुमारे पाच मिनिटे मागे होती.

१ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ग्रीनिचपासून बरोबर साडेपाच तास. गोंडपिपरी सुमारे ७९.७ अंशांवर आहे. तिच्या सूर्याची सरासरी वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ११ मिनिटे मागे. मुंबईला मात्र हा फरक ३९ मिनिटांचा पडला. मुंबईत या बदलाला विरोध झाला, आणि ‘मुंबई वेळ’ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रमाणवेळेच्या शेजारी नांदत राहिली. त्या काळातल्या मुंबईच्या कागदावर ‘१० वाजता’ असे लिहिलेले सापडले, तर कोणत्या घड्याळाचे दहा हा प्रश्न आधी विचारायला हवा. शिवाय दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभरची घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या बदलाच्या रात्रीच्या अलीकडची एक नोंद आणि पलीकडची एक घेतली, की वजाबाकीत तासाची चूक ठरलेली.

येथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. समजा, शाळेचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. घंटा झाली तेव्हा त्यात ११:१०, तास संपला तेव्हा ११:४५. तास किती मिनिटांचा झाला? पस्तीस. घड्याळ चुकीचे असूनही उत्तर बरोबर आले, कारण चूक दोन्ही नोंदींत सारखीच होती आणि वजाबाकीत ती निघून गेली. पण सुरुवातीची वेळ शाळेच्या घड्याळावर आणि शेवटची गुरुजींच्या मनगटावरच्या घड्याळावर पाहिली, तर तास पंचवीस मिनिटांचा भरेल. अंतर काढायला घड्याळ खरे असण्यापेक्षा एकच असणे अधिक महत्त्वाचे.

संगणकाचा अहर्गण

संगणकाने हा प्रश्न सोडवला तो गणेश दैवज्ञाच्याच वाटेने. युनिक्स या संगणकप्रणालीत आणि तिच्या वंशातल्या असंख्य प्रणालींत १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. अहर्गणात दिवस होते, इथे सेकंद आहेत. बाकी कल्पना तीच.

म्हणून लॉगमध्ये अंतर शोधणारी चांगली क्वेरी तीन पायऱ्यांनी जाते. आधी एकाच कामाच्या ओळी त्यांच्या क्रमांकावरून एकत्र करायच्या. मग त्यांतील वेळेचा मजकूर वाचून, तो कोणत्या देशाच्या वेळेत आहे ते पाहून, त्याची सेकंदांची सलग संख्या करायची. त्यानंतर मोठीतून लहान संख्या वजा करायची, आणि उत्तराला ३,६०० व ६० ने भागून तास-मिनिटे काढायची. मधली पायरी वगळली की कोलकात्याची तार पुन्हा अवतरते. एका यंत्राने भारतीय वेळेत १०:००:०० लिहिले, दुसऱ्याने जागतिक वेळेत ०४:३०:०२ लिहिले. नुसते वजा केले तर उणे ५ तास २९ मिनिटे ५८ सेकंद. खरे अंतर दोन सेकंद.

गणेशाच्या चक्रासारखी मर्यादाही इथे आली. जुन्या यंत्रांत सेकंदांच्या संख्येसाठी ३२ अंकस्थाने आहेत, त्यातले एक धन-ऋण चिन्हासाठी. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. ती भरणार आहे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राला वाटेल की १९०१ साल आहे. गणेशाने चक्रांची संख्या वेगळी लिहून ठेवायला सांगितली होती. या यंत्रांत ती लिहायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून आता ६४ अंकस्थाने वापरतात.

छोट्या चुकीची मोठी किंमत

दोन वेळांच्या वजाबाकीत सेकंदाच्या अंशाने काय बिघडणार, असे वाटेल. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे एक इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर आदळले. २८ सैनिक मरण पावले. ते अडवण्यासाठी ठेवलेली पेट्रियट यंत्रणा चालू होती, पण तिने काहीच केले नाही.

चौकशीत कारण सापडले ते वेळेच्या हिशेबात. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजे. सेकंद काढायचे तर त्या संख्येला ०.१ ने गुणायला हवे. पण ज्याप्रमाणे एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३... असा कधीच संपत नाही, त्याप्रमाणे एक दशांश द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही. यंत्राने तो २४ अंकस्थानांवर तोडला. एका दशांशात चूक किती, तर सुमारे ०.०००००००९५. पण यंत्रणा १०० तास सलग चालू होती. १०० तासांत सेकंदाचे दहावे भाग ३६ लाख. गुणाकार केला तर चूक सुमारे ०.३४ सेकंद. स्कडचा वेग सेकंदाला सुमारे १,६७६ मीटर. तेवढ्या वेळात ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे सरकते. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिली.

खरे तर शाळेच्या घड्याळाप्रमाणे ही चूकही वजाबाकीत निघून जायला हवी होती. दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या, तर अंतर जवळजवळ बरोबर आले असते. पण आज्ञावलीत काही ठिकाणी वेळ बदलण्याची सुधारलेली रीत घातली होती आणि काही ठिकाणी जुनीच राहिली होती. एक नोंद एका रीतीने आली, दुसरी दुसऱ्या रीतीने, आणि त्यांची वजाबाकी झाली. पूर्ण दुरुस्त केलेली आज्ञावली धाहरानला पोचली ती दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला.

दुसरा प्रसंग जीवघेणा नव्हता, पण शिकण्याजोगा आहे. पृथ्वीचे फिरणे अणुघड्याळाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालतात. अधिकमासाचेच हे धाकटे भावंड म्हणा ना! असे २७ सेकंद २०१६ अखेरपर्यंत घातले गेले. त्यांतला शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या तोंडावर आला. त्या क्षणी संगणकाच्या मोजणीत सेकंद मागे ओढला गेला. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या आज्ञावलीत दोन वेळांची वजाबाकी होती, आणि उत्तर ऋण कधी येणारच नाही असे लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते. ते ऋण आले आणि तिची काही यंत्रे कोलमडली. अंतर मोजण्यासाठी कधीही मागे न जाणारे वेगळे घड्याळ वापरावे, हा धडा त्यानंतर अधिक पक्का झाला. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, २०३५ पर्यंत जादा सेकंदाची ही पद्धत बदलावी, असे ठरवले.

आपल्या नदीकाठी

आता पुन्हा गोंडपिपरीला येऊ. हा तालुका वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधला. पुढे त्या एकत्र येऊन प्राणहिता होतात. पावसाळ्यात वर गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले, की खाली नदीकाठच्या गावांना एकच प्रश्न असतो : पाणी इथे यायला किती तास? याचे उत्तर मागच्या पुरांच्या दोन नोंदींच्या वजाबाकीतूनच मिळते, वरच्या ठिकाणची कमाल पातळीची वेळ आणि खालच्या ठिकाणची कमाल पातळीची वेळ.

समजा, वरची नोंद आहे ‘१०:४०’ आणि खालची, दुसऱ्या दिवशीची, ‘७:२५’, दोन्ही वेळा सकाळ की रात्र ते लिहिलेले नाही. खालची सकाळची धरली आणि वरची रात्रीची, तर अंतर ८ तास ४५ मिनिटे. वरची सकाळची धरली, तर २० तास ४५ मिनिटे. बारा तासांचा फरक! या दुसऱ्या उत्तरावर विसंबून कोणी गुरे, धान्य आणि म्हातारी माणसे हलवण्याचे काम सकाळवर ढकलले, तर काय होईल हे नदीकाठच्या मुलांना सांगावे लागणार नाही.

म्हणून वर्गात एक उपक्रम करून पाहा. शाळेत एक नोंदवही ठेवा. पाऊस सुरू झाला, थांबला, वीज गेली, आली, नाल्याचे पाणी पुलाला लागले, उतरले, अशा नोंदी मुलांनी आठवडाभर कराव्यात, पण प्रत्येकाने आपापल्या घरच्या घड्याळावर. आठवड्याच्या शेवटी वेगवेगळ्या मुलांच्या नोंदी घेऊन त्यांतली अंतरे काढायला सांगा. उत्तरे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, ते मुलांनाच शोधू द्या. दुसऱ्या आठवड्यात वर्ष, महिना, दिवस आणि चोवीस तासांतली वेळ लिहायचे ठरवा, आणि सगळ्यांची घड्याळे शाळेच्या एका घड्याळाशी लावून घ्या. शेवटी प्रत्येक नोंदीपुढे तारखेचा वारही लिहायला सांगा. एखाद्याने तारीख चुकवली, तर वार त्याला लगेच पकडून देईल. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने पाचशे वर्षांपूर्वी दिलेली ही तपासणी आजही चालते.